बिबड्यांशेजारी चौदा रणगाडे

मी चौदा रणगाडे बिबड्यांशेजारी उन्हात वाळत घातले.

एवढीच चूक. ती मी पूर्ण शुद्धीत, सकाळी दहा वाजता, डोक्याला ओला रुमाल बांधून केली. जळगाव, मे महिना आणि गच्चीवरच्या खोलीचा पत्रा. हिच्या बिबड्यांचं, म्हणजे ज्वारीच्या पापडांचं, धोतर पसरलेलं होतं, त्याच्या कडेला जागा होती, म्हणून मीही माझी फौज मांडली. खाली येऊन पंख्याखाली पडलो. दुपारी वर गेलो तेव्हा बिबडे कडक झाले होते आणि तोफा मऊ. चौदाच्या चौदा नळ्या खाली झुकलेल्या, जणू वर्गात गृहपाठ विचारला आहे आणि कुणीच केलेला नाही.

आज पुन्हा घरात ज्वारी भिजत पडली आहे. तिसरा दिवस आहे. आंबूस वास स्वयंपाकघरातून निघून बैठकीत येतो, तिथून माझ्या टेबलापर्यंत. लोकांना उन्हाळा कशाकशाने आठवतो, मला या वासाने. उद्या ती ज्वारी भरडली जाईल, लसूण-मिरची-तीळ घालून मोठ्या पातेल्यात घाटा शिजेल, बायकोचा हात ढवळून भरून येईल, मग मला बोलावणं येईल. घाट्याचा गरम गोळा, मध्ये खळगा, त्यात कच्चं तेल. तो खाताना मला दर वर्षी माझी फौज आठवते, आणि दर वर्षी ही विचारते, की यंदा वर काय वाळत घालणार आहात?

खरं तर चूक तिच्याच शब्दाची आहे. सुनंदाने मला लग्नानंतर पहिल्या उन्हाळ्यात शिकवलं होतं की बिबड्याला तीन उन्हं दाखवावी लागतात. एका उन्हात तो वरून वाळतो, पण मोडून बघितला तर आत ओल असते. तसा डब्यात भरला की आठ दिवसांत बुरशी. मला हा नियम इतका पटला की मी तो आयुष्यात सगळीकडे लावू लागलो. रणगाड्यांना रंगाचा पहिला हात दिला, तो पंधरा मिनिटांत वाळला. मी म्हटलं, छे, वरून वाळला असेल. तीन उन्हं दाखवू.

त्या दुपारी तिने वर येऊन पाहिलं. हसली नाही, हे जास्त लागलं. एक बिबडा उचलून मोडला, ओल पाहिली, परत ठेवला. मग म्हणाली, "तीन उन्हं मी बिबड्यांना सांगितली होती. यांचं तर पहिल्यातच भागलं."

आता हे रणगाडे कसले, ते सांगायला हवं. वीतभरही लांबी नाही. खोक्यात प्लास्टिकचे सुटे भाग येतात, एकेक चाक नखाएवढं. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे, मग खऱ्या लढाईची जमीन टेबलावर मांडून तिच्यावर ते चालवायचे. पट्टीने अंतर मोजायचं, फासे टाकायचे. या गाड्यांच्या तोफा मला हव्या त्या जुन्या घडणीच्या नव्हत्या, म्हणून पुण्याच्या एका माणसाकडून रेझिनच्या नळ्या छापून मागवल्या होत्या. प्लास्टिकने जळगावचं ऊन कसंबसं सोसलं. रेझिन पुण्याचं होतं.

मी मोजणी खात्यात आहे. अठ्ठावीस वर्षं शेतांच्या हद्दी मोजतो. भावाभावांत बांध वीतभर सरकला की मला बोलावतात. दिवसभर लोकांची खरी भांडणं मोजून घरी आल्यावर मी खोट्या लढाया मोजतो, त्यात बिघडलं काय? पण बिघडतं. पन्नाशीच्या माणसाने काय करावं याची आमच्याकडे न लिहिलेली यादी आहे. सकाळी फिरायला जावं, भजनात बसावं, गुडघ्यांविषयी बोलावं, प्लॉट घ्यावा. या यादीत चिमटा, ब्रश आणि बोटाला चिकटलेलं चाक बसत नाही. माझा मेहुणा एकदा पाहुण्यांसमोर म्हणाला, की दाजी अजून लहान आहेत. मी त्या दिवशी रणगाडे चादरीखाली झाकले होते, तरी त्याने सांगितलंच. मग मी ठरवलं, झाकून उपयोग नाही तर झाकायचं कशाला? उठलो, चादर ओढली आणि पाहुण्यांना एकेक गाडी हातात दिली. चहा होईपर्यंत त्यांना तोफेचा मारा, चिलखताची जाडी, सगळं सांगितलं. ते पुन्हा आले नाहीत. मला चालतं.

गल्लीत मात्र वेगळाच घोळ झाला. हा टँक बनवतो, अशी बातमी पसरली. आमच्याकडे नळाला पाणी कधी येईल ते नळालाही माहीत नसतं, त्यामुळे टँक म्हणजे पाण्याचा, याखेरीज दुसरा अर्थ कुणाच्या मनात येत नाही. समोरच्या अक्का एकदा दारात येऊन विचारून गेल्या, किती लिटरचा बनवता, आणि उन्हाने तडकत तर नाही ना? मी म्हटलं, तडकत नाही, अक्का. वाकतो. त्या म्हणाल्या, मग नको.

याच शब्दाने मला धुळ्याचे धुडकू नाना मिळाले.

धुळ्यात अनीस माझा मित्र. गाड्यांच्या नंबर प्लेट रंगवायचं त्याचं दुकान आहे. आता सगळीकडे छापील पाट्या आल्या, तरी ट्रकच्या मागे गुलाब, गरुड आणि मालकाच्या मुलीचं नाव लिहून घ्यायला लोक त्याच्याकडेच येतात. त्याच्या वडिलांच्या जागेच्या मोजणीला गेलो होतो, तेव्हा माझ्या फाइलवर वजन म्हणून एक रणगाडा होता. अनीसने तो उचलला, उलटासुलटा केला आणि म्हणाला, नंबर किसने डाला? इतना टेढ़ा? तेव्हापासून माझ्या गाड्यांवरचे नंबर तो घालतो, आणि समोरच्या बाजूने खेळतोही तोच.

त्याच्या दुकानाबाहेरच्या बाकावर धुडकू नाना पेपर वाचत बसायचे. मूळ साक्रीकडचे, मुलाकडे धुळ्यात राहत. पाऊस पडला की गावी शेतावर जात, पेरणी ते कापणी तिकडेच. फौजेतून निवृत्त. गावात सगळ्यांना माहीत होतं की नाना फौजेत पाण्याचा टँकर चालवायचे. कारण ऐन तरुणपणी त्यांनी घरी पत्र पाठवलं होतं, की मी टँक चालवतो. पत्र शाळामास्तरांनी चावडीवर वाचून दाखवलं. पंचवीस घरांना एक विहीर असलेलं ते गाव, त्यांनी अर्थ काढला. नाना सुट्टीवर आले तेव्हा बायाबापड्या सांगत होत्या, पोरगा जवानांना पाणी पाजतो, पुण्याचं काम करतो. नानांनी ते कधी दुरुस्त केलं नाही. एकाहत्तरच्या लढाईनंतर तर मुळीच नाही.

त्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला मी आणि अनीस दुकानात गाड्या मांडून बसलो होतो. नानांनी पेपर खाली ठेवला. आत आले, एक गाडी उचलली, तिच्या पुढच्या बाजूला डावीकडे-उजवीकडे बोट फिरवलं आणि उजव्या हाताच्या झाकणावर थांबले. म्हणाले, "आठे बसे मी."

इथे मी बसायचो. दोन वर्षं आम्ही त्या माणसाला चहा पाजत होतो आणि आम्हाला ठाऊक नव्हतं.

मग त्यांनी जे सांगितलं ते चार वाक्यांत सांगितलं, मीही तेवढंच सांगतो. त्यांची चौदा गाड्यांची तुकडी होती, डिसेंबर होता, एक नाला ओलांडायचा होता. नानांची गाडी सगळ्यात पुढे, आणि साहेब म्हणाले, तुला बरी वाटेल तिकडून घे. नानांनी घेतली आणि गाडी पोटापर्यंत रुतली. बाकीच्या तेरा दुसरीकडून पुढे गेल्या, संध्याकाळी बारा परत आल्या.

तेराव्या गाडीत कोण होतं हे त्यांनी सांगितलं नाही. अनीसने नंतर सांगितलं, नाना आणि तो, एका ताटात जेवायचे म्हणे दोघं.

नाना मला म्हणाले, "तू मोजनीवाला शे. ती जागा एकदाव मांडी दखाड. दोष कोना ते मी इचारत नही. तठे दुसरा मानूस ऱ्हाता, ते त्यानी कोनती वाट धरी ऱ्हाती, तेवढंच मले दखनं शे."

आपल्या जागी दुसरा असता तर त्याने कोणती वाट धरली असती, हा प्रश्न पन्नास वर्षं एका माणसाने पाण्याच्या टँकरमागे लपवला होता. आणि तो घेऊन तो ना डॉक्टरकडे गेला, ना देवाकडे. दोन प्रौढ माणसं ज्या खेळण्यांवरून अख्ख्या गावाची बोलणी खात होती, त्या खेळण्यांकडे आला. मेहुण्याला हे सांगायचं माझ्या फार मनात होतं. सांगितलं नाही. त्याने गुडघ्यांचा विषय काढला असता.

ठरलं असं. जमीन अनीस करणार, नाना त्याला सांगतील तशी. चिखल कुठे होता ते फक्त त्या दोघांना ठाऊक राहणार. गाड्या मी करणार, आणि वाट मी निवडणार, काहीही माहीत नसताना, नुसती जमीन बघून. आमच्या खेळात हुकूम आधी कागदावर लिहायचा असतो. एकदा कागद घडी करून ठेवला की तो फिरवता येत नाही. दिवस ठरला मेचा शेवटचा रविवार, कारण मग पाऊस, आणि नाना गावी. आणि त्या रविवारच्या आधीच्या सोमवारी मी फौज पत्र्यावर मांडली.

त्या संध्याकाळी मी गच्चीच्या कठड्यावर बसून राहिलो. खाली शहर भाजून निघालेलं. केळीच्या बागांकडून येणारा वारासुद्धा पोळलेला, तोंडावर कुणी भट्टीचं दार उघडावं तसा. आमच्याकडे ऊन हा हवामानाचा प्रकार नाही, घरातला वडीलधारा माणूस आहे. त्याला विचारल्याशिवाय कुणी बाहेर पडत नाही, त्याच्यासमोर आवाज चढवत नाही. मी चढवला. म्हटलं, वितळव काय वितळवायचं ते, रविवारी मी धुळ्याला जाणारच. हे मी मोठ्याने म्हणालो असणार, कारण शेजारच्या गच्चीवर गादी घालणाऱ्या बाई गादी तशीच ठेवून खाली गेल्या.

रेझिन गरम पाण्यात मऊ होतं आणि गार पाण्यात आहे तसं ताठ होतं, हे मला ठाऊक होतं. मोठं भांडं हवं होतं. घरात मोठं भांडं एकच, घाट्याचं पातेलं. मी ते मागायला गेलो तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा सुनंदाला नानांची सगळी गोष्ट सांगितली. तोवर ती या खेळावर रागावलेलीच असायची. लोक मरतात त्याचा काय खेळ करायचा, असं म्हणायची. ऐकून ती उठली. पातेलं घासून चुलीवर ठेवलं. तीन दिवस आम्ही दोघं बसलो. ती नळी चिमट्याने गरम पाण्यात धरायची, मी ती ओढून सरळ करून गार पाण्यात सोडायचो. बिबडे थापणारे हात, त्यामुळे तिच्या नळ्या सरळ यायच्या. माझ्या हातच्या दोन अशा सरळ झाल्या की आकाशाकडे बघू लागल्या. ती म्हणाली, राहू द्या, विमानं पाडायला होतील.

त्या पातेल्यात पुन्हा घाटा शिजवायला ती आठ दिवस तयार नव्हती. त्या वर्षी आमच्याकडे बिबडे कमी झाले. रणगाडे मात्र पूर्ण चौदा.

आता ते ज्या डब्यात आहेत त्यावर जुनी चिठ्ठी तशीच आहे, बिबडे. पाहुणे विश्वासाने झाकण उघडतात. मी चिठ्ठी काढत नाही. मला त्यांचे चेहरे आवडतात. आणि समजा उद्या मी नसेन, कुणीतरी तो डबा भंगारात द्यायला काढेल, झाकण उघडेल आणि क्षणभर थांबेल, तर तेवढ्यासाठी मी आणखी चौदा करीन. गुडघे धरून बसणाऱ्यांनी बसावं. माझी बोटं अजून नखाएवढं चाक धरतात.

त्या रविवारी एसटीने धुळ्याला गेलो. डबा मांडीवर. खिडकीची काच लावली तर भट्टी, उघडली तर झळ, म्हणून अर्धी उघडली आणि दोन्ही घेतलं. शेजारचा माणूस पारोळ्यापर्यंत डब्यावरचं अक्षर वाचत होता. शेवटी म्हणाला, घरचे का? मी हो म्हटलं. खोटं नव्हतं.

अनीसने दुकानाचं शटर अर्धं ओढलं होतं. एका बंद पडलेल्या दुकानाची जुनी लाकडी पाटी उलटी टाकून त्याने जमीन केली होती. भुसा, डिंक, नंबर प्लेटचे उरलेले रंग. मी आजवर बघितलेली सगळ्यात सुंदर जमीन, आणि मी जमिनी बघायचाच पगार घेतो. मधून नाला. उजवीकडे कच्ची वाट आणि खचलेली मोरी. मध्ये दाट झुडपं. डावीकडे मोकळं, रुंद, पांढुरकं, सपाट पात्र.

मी गाड्या मांडल्या. नाना वाकून बघत राहिले, अजून थोड्या झुकलेल्याच राहिलेल्या तोफांकडे त्यांचं लक्ष गेलं. "ह्या कोना पाया पडी ऱ्हायन्यात?" त्यांनी विचारलं. मी उन्हाचं सांगितलं. ते हसले नाहीत. त्यांची बोटं टेबलाच्या कडेवर वाजत होती, पेपर वाचताना कधी वाजायची नाहीत.

मी जमीन वाचली. घाई केली नाही. मोरी खचलेली, तीवर वजन टाकणं मूर्खपणा. झुडपात काय दडलंय ठाऊक नाही. डावं पात्र मात्र स्वच्छ. असल्या पात्रांतून मी अठ्ठावीस उन्हाळे साखळी ओढली आहे. त्यातून बैलगाड्या जातात, ट्रॅक्टर जातात, पोरं क्रिकेट खेळतात. मी कागदावर लिहिलं, सर्व गाड्या डावीकडून, एका रांगेत, न थांबता. खाली सही केली, सवयीने तारीखही घातली. घडी करून अनीसला दिली.

अनीसने कागद उघडला, वाचला आणि नानांकडे सरकवला. मग एकेक गाडी उचलून त्या पांढऱ्या पट्ट्यावर ठेवत गेला. चौदावी ठेवून झाल्यावर हळूच म्हणाला, "साहब, बस. सब डूब गए."

एका माणसाने मला एक वाट दाखवायला सांगितली होती. मी सफाई देऊ लागलो. म्हटलं, नाना, वरून वाळलेलं दिसलं हो. पांढरं, कडक. मला वाटलं आपल्या पांझरा नदीसारखं पात्र, वरून वाळलं म्हणजे आतूनही वाळलं, खुशाल गाडी घाला.

नानांची बोटं थांबली.

"तुले बी पांझराच दिसनी?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. ते उठून दाराशी गेले, अर्ध्या शटरखालून येणाऱ्या उन्हाकडे पाठ करून उभे राहिले. अनीसने माठातून पाणी भरून दिलं, ते त्यांनी पूर्ण प्यायलं, पेला पालथा घातला. मग टेबलाशी परत आले, सगळ्यात पुढची गाडी चिखलातून दोन बोटांनी उचलली आणि आपल्या तळहातावर ठेवली. उरलेल्या तेरांकडे बघता बघता त्यांचे खांदे हलू लागले. मला वाटलं, रडताहेत. पण ते हसत होते, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसून ते माझ्याकडे वळले.

"मनी एकच फसनी व्हती, भो. तू ते चौदाच्या चौदा फसाडी दिन्यात. आनि म्हने मोजनीवाला."